ग्रंज : पंक व मेटल मुळांचा वाद

ग्रंज : अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यातील सिॲटल व आसपासच्या गावांत 1984 च्या सुमारास आकाराला आलेला रॉक संगीतप्रकार. गिटारचे भरड डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटवलेला नाद), खाली उतरवलेल्या तारा, मध्यम किंवा संथ लय आणि कुजबुजीपासून किंकाळीपर्यंत जाणारे गायन ही त्याची लक्षणे. निर्वाणा, पर्ल जॅम, साउंडगार्डन व ॲलिस इन चेन्स हे चार बँड प्रमुख मानले जातात. मेल्विन्स व मडहनी यांची लोकप्रियता त्यांच्या तुलनेत मर्यादित राहिली. मुळांच्या चर्चेत मात्र त्यांना वगळून पुढे जाता येत नाही.

संज्ञा : ‘ग्रंजी’ म्हणजे मळका, कळकट, हे विशेषण अमेरिकी बोलीत 1960 च्या दशकापासून आढळते आणि 1970 च्या दशकातील रॉक समीक्षेत गिटारच्या घाणेरड्या नादासाठी ‘ग्रंज’ हे नामही तुरळक येते. सिॲटलपुरता सर्वांत जुना उल्लेख सहसा 1981 चा धरतात. मार्क आर्म या स्थानिक गायकाने एका नियतकालिकाला पत्र लिहून स्वतःच्याच ‘मिस्टर एप’ या बँडची टवाळी केली, त्यात हा शब्द आहे. पण ती शिवी होती, संगीतप्रकाराचे नाव नव्हे. 1987 मध्ये सब पॉप या ध्वनिमुद्रिका कंपनीने ग्रीन रिव्हर या बँडच्या जाहिरातीत तो मिरवला आणि तिथून तो चिकटला. त्यामुळे शब्दाचा जन्म आणि प्रकाराचे नामकरण या दोन घटना वेगळ्या ठेवणे बरे. पुढे या शब्दाभोवती इतके कुतूहल माजले, की नोव्हेंबर 1992 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ग्रंजप्रेमींच्या बोलीचा छोटा कोशच छापला. तो सब पॉपच्या माजी कर्मचारी मेगन जास्पर यांनी फोनवर बसल्या जागी रचलेला निघाला.

उगम : एक मत असे, की ग्रंज हा मंदावलेला पंक (साधा, वेगवान, बंडखोर रॉक) आहे. त्याच्या पुराव्यात टकोमाच्या द सॉनिक्सचा 1960 च्या दशकातील गॅरेज रॉक, डेट्रॉइट परिसरातील स्टूजेस आणि पोर्टलंडचे वायपर्स येतात. दुसऱ्या मताने तो ब्लॅक सबाथ या ब्रिटिश बँडच्या संथ, जड मेटलचा वारस. दोन्ही बाजू बहुधा आपापल्या आवडत्या बँडवरून निष्कर्ष काढतात : मडहनी ऐकणाऱ्याला पंक दिसतो, ॲलिस इन चेन्स ऐकणाऱ्याला मेटल. या वादाची गाठ सुटते ती ब्लॅक फ्लॅगच्या ‘माय वॉर’पाशी. कॅलिफोर्नियातील या हार्डकोर (पंकचा अधिक वेगवान, आक्रमक प्रकार) बँडच्या 1984 च्या तबकडीत दुसऱ्या बाजूला तीनच गाणी आहेत. प्रत्येक सहा मिनिटांहून लांब आणि सबाथच्या चालीने रेंगाळणारे. हार्डकोरच्या दीड-दोन मिनिटांच्या धावत्या गाण्यांना सरावलेले अनेक श्रोते वैतागले. सिॲटलच्या नैर्ऋत्येस, ॲबरडीनजवळच्या मॉन्टेसानो गावातील मेल्विन्सनी मात्र तोच मार्ग धरला. आधी वेगवान पंक वाजवणारा हा बँड जाणीवपूर्वक संथ झाला. म्हणजे सबाथ इथे थेट मेटलकडून तर आलाच, पण पंकच्या दारातूनही आला, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. 1986 च्या ‘डीप सिक्स’ या संकलनात ग्रीन रिव्हर, मेल्विन्स, साउंडगार्डन, मालफंक्शन, स्किन यार्ड व यू-मेन हे सहा बँड एकत्र आले. प्रकाराचा पहिला ठोस दस्तऐवज तोच.

तंत्र : दोन्ही मुळे सर्वांत स्पष्ट दिसतात ती तारा लावण्याच्या पद्धतीत. नेहमीच्या गिटारवर सर्वांत जाड तार ‘ई’ स्वराला (सुमारे 82 हर्ट्झ) लावतात. ‘ड्रॉप डी’मध्ये ती एक पूर्ण स्वर उतरवून ‘डी’वर (73 हर्ट्झ) आणतात. खालच्या तीन तारा मग डी-ए-डी, म्हणजे सा-प-सा अशा जुळतात आणि एकच बोट आडवे टाकले की पॉवर कॉर्ड वाजतो. साउंडगार्डनचा गिटारवादक किम थायिल (आईवडील केरळचे) याच्या सांगण्यानुसार ही युक्ती मेल्विन्सच्या बझ ऑस्बोर्नकडून कळली. तार एवढी सोडली की तिचा ताण सुमारे पाचव्या हिश्शाने घटतो. ती गिटारच्या मानेवरील पट्ट्यांवर (फ्रेट) खडखडते आणि जोरात छेडली तर क्षणभर चढी वाजते, म्हणून 0.046 इंचाऐवजी 0.052 इंच जाडीची तार घालतात. स्प्रिंगवर तरंगणारा ब्रिज (तारांची खालची टोके धरणारा भाग) असेल तर एक तार उतरवताच उरलेल्या पाच चढतात, त्यामुळे सगळ्या दोन-तीनदा फिरून लावाव्या लागतात. साउंडगार्डनच्या ‘रस्टी केज’मध्ये ही तार थेट ‘बी’पर्यंत उतरते. तिथे ताण जवळपास निम्म्यावर येतो.

पॉवर कॉर्डमध्ये फक्त षड्ज-पंचम असतात, गंधार नसतो. याला कारण फझ पेडल, म्हणजे पायाने चालू करायचे डिस्टॉर्शनचे यंत्र. जबर डिस्टॉर्शनमधून दोन स्वर गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर उपजतात. डी (73) व ए (110) यांची वजाबाकी सुमारे 37 हर्ट्झ, म्हणजे डीचाच खालचा सप्तक. नाद भरीव होतो. गंधार मिसळला की उपजणाऱ्या स्वरांची गर्दी होते, त्यात गिटारचा गंधार तानपुऱ्यात ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा 14 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा, आणि सगळ्याचा चिखल होतो. मडहनीच्या ‘सुपरफझ बिगमफ’ (1988) या तबकडीचे नावच दोन पेडलांवरून पडले. पैकी सुपर-फझ वरच्या सप्तकाची किरकिर मिसळतो. बिग मफ मधल्या कंप्रता खातो, त्यामुळे घरी भव्य वाटणारा त्याचा आवाज ड्रम-बासबरोबर वाजवला की हरवतो. उपाय म्हणजे ॲम्प्लिफायरवर ‘मिड’ वाढवणे.

बँडांची तुलना : ग्रीन रिव्हर 1987 मध्ये फुटला, ती फूट म्हणजे या वादाचीच प्रतिमा. मार्क आर्मने मडहनी काढून गॅरेज पंक धरला. स्टोन गॉसर्ड व जेफ अमेंट मदर लव्ह बोनमार्गे पर्ल जॅममध्ये पोचले आणि 1970 च्या दशकातील स्टेडियम रॉककडे वळले. पर्ल जॅमच्या ‘टेन’वर (1991) इंग्लंडमध्ये झालेल्या मिक्सिंगचा प्रतिध्वनी दाट आहे.  हा प्रतिध्वनी बँडलाच पुढे खटकला. 2009 मध्ये तबकडी नव्याने, कोरडी मिक्स झाली. निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन याने पर्ल जॅमवर बाजारूपणाची टीका केली होती, ती त्याने नंतर सौम्य केली.

निर्वाणाच्या ‘ब्लीच’चे (1989) ध्वनिमुद्रण आठ ट्रॅकवर, 606 डॉलर 17 सेंटांत झाले, मूळ आवृत्तीतील दोन गाण्यांवर मेल्विन्सचा ड्रमर डेल क्रोव्हर आहे. ‘नेव्हरमाइंड’ची (1991) घडण वेगळी. मंद कडवे व स्फोटक ध्रुवपद ही रचना बॉस्टनच्या पिक्सीजकडून घेतल्याचे कोबेनने स्वतः मान्य केले होते, तर ड्रमर डेव्ह ग्रोल वॉशिंग्टन डी. सी.च्या हार्डकोरमधून आलेला. मेटल इथे फक्त गिटारच्या वजनात उरतो, गाण्याचा सांगाडा पॉपचा. जानेवारी 1992 मध्ये ही तबकडी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली.

साउंडगार्डनचे वेगळेपण लयीत आहे. ‘आउटशाइन्ड’ व ‘स्पूनमॅन’ ही गाणी मुख्यतः सात मात्रांची. मात्रा रूपकाइतक्या असल्या तरी खाली-भरीची कल्पना इथे नाही. रिफची (पुन्हापुन्हा वाजणाऱ्या गिटारच्या तुकड्याची) लांबीच सात, म्हणून आवर्तन सातचे. मेटल की हार्ड रॉक, हे ठरवणे ग्रॅमीलाही जमले नसावे : 1995 मध्ये एकाच तबकडीतील ‘स्पूनमॅन’ला मेटलचे आणि ‘ब्लॅक होल सन’ला हार्ड रॉकचे पारितोषिक मिळाले. ॲलिस इन चेन्सची सुरुवात ग्लॅम मेटलमधली (भडक वेशभूषेचे, पॉपकडे झुकणारे मेटल), पंकशी नाते सर्वांत दूरचे. 1991 मध्ये त्यांनी स्लेयर, मेगाडेथ व अँथ्रॅक्स या मेटल बँडांबरोबर दौरा केला. लेन स्टॅली व जेरी कँट्रेल यांचे जोडगायन, सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवणे आणि सात मात्रांचा ‘देम बोन्स’चा रिफ या त्यांच्या खुणा.

लॉस एंजेलिसचा एलसेव्हन आणि मिनीॲपोलिसचा बेब्स इन टॉयलंड हे स्त्रियांचे बँड ग्रंजमध्ये गणले जातात, परंतु त्यांचा पंक सिॲटलमार्गे आलेला नाही. एलेन्सबर्गचा स्क्रीमिंग ट्रीज 1960 च्या दशकातील सायकेडेलिक रॉकला अधिक जवळचा.

कोबेनचा एप्रिल 1994 मध्ये मृत्यू झाला, साउंडगार्डन 1997 मध्ये विसर्जित झाला. मेल्विन्सना या लाटेत अटलांटिक या मोठ्या कंपनीने घेतले. ‘हूडिनी’वर (1993) सहनिर्माता म्हणून कोबेनचे नाव आहे. तीन तबकड्यांनंतर कंपनीने त्यांना सोडले आणि ते पुन्हा छोट्या कंपन्यांकडे वळले.