पार्श्वभूमी : बोरघाटात लेन का मोडते?

मुंबई-पुणे रस्त्यावरच्या या घाटात कोंडी झाली की बातमीत आरोपी ठरलेला असतो, बेशिस्त ट्रकचालक. तो निर्दोष नाही, पण रस्त्याची आखणीही तपासायला हवी.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला. लांबी सुमारे ९४.५ किलोमीटर, जाताना तीन लेन, येताना तीन. डावी अवजड वाहनांना, मधली कारला, उजवी फक्त ओव्हरटेकपुरती. निरनिराळ्या वेगाची वाहनं एकमेकांच्या वाटेत येऊ नयेत, हा त्यामागचा हिशेब. सपाटीवर तो बऱ्यापैकी जमतो.

खोपोलीपाशी जुना मुंबई-पुणे महामार्ग येऊन मिळतो आणि खंडाळ्यापर्यंत दोन्ही रस्ते एक होतात. सहा लेनची आणि चार लेनची वाहतूक मिळून सहा लेनमध्ये शिरते, तीही चढावर. भरलेला कंटेनर डावीकडे रांगू लागतो. मागचा जरा हलका ट्रक मधल्या लेनमध्ये येतो, त्याला मागे टाकायला तिसरा उजवीकडे सरकतो आणि तिन्ही लेन सारख्याच संथ होतात. कारवाले मग फट दिसेल तिथून, बरेचदा डावीकडून, गाडी काढतात. अशा जागी नुसत्या दंडाने शिस्त कितपत लागणार? २०२४ पासून लेन मोडणाऱ्यांना कॅमेरे टिपू लागले, चढ मात्र तसाच आहे. उतारावर धोका वेगळा : ब्रेक तापून निकामी झालेला ट्रक आणि पुढे कोंडीत उभ्या गाड्या.

१८३० सालच्या अमृतांजन पुलाचे खांबही याच घाटात वाहतुकीची वाट अडवून होते. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनने रस्ता रिकामा असताना, तो स्फोटांनी पाडला. जुन्या वास्तूबद्दल हळहळ वाटली तरी निर्णय योग्यच होता.

२०१६ मध्ये या मार्गावर १५१ जणांचा जीव गेला. त्याच सुमारास रस्ते विकास महामंडळ आणि रस्ता सुरक्षेसाठी काम करणारी सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था यांनी मृत्यू शून्यावर आणण्याचा प्रकल्प हाती घेतला. दुभाजक ओलांडून पलीकडे जाणारी गाडी अडवायला तारदोरांचे कठडेही लावले गेले.

घाटात दोन रस्ते एक होतात, या मूळ दुखण्यावरचा उपाय म्हणून 'मिसिंग लिंक' आखली गेली : खोपोली ते कुसगाव १३.३ किलोमीटर, दोन बोगदे आणि दरीवर केबल-स्टेड, म्हणजे उंच मनोऱ्यांना बांधलेल्या तारांनी तोललेला पूल. चर्चा होते ती वाचणाऱ्या सुमारे सहा किलोमीटरची. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जुन्या आणि नव्या रस्त्याची वाहतूक घाटात वेगळी करण्याची सोय.