फौकानियापासून नीटपर्यंत : मराठवाड्यातल्या शिक्षणाची पार्श्वभूमी

२०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि जुन्या शाळांच्या कपाटांतली प्रवेश-निर्गम रजिस्टरं पुन्हा टेबलावर आली. ती वाचायला मोडी आणि उर्दू जाणणारी माणसं शोधावी लागली. असं एक पान मी जवळून पाहिलं. कडा झडलेल्या, साल फसली या निजामकाळच्या कालगणनेतलं, मजकूर उजवीकडून डावीकडे जाणारा, आणि नाव मात्र मराठी शेतकऱ्याच्या पोराचं.

निजामाच्या राज्यात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच जिल्हे. शाळेच्या पायऱ्या तीन : तहतानिया म्हणजे प्राथमिक, वस्तानिया म्हणजे माध्यमिकच्या आधीची मधली, आणि फौकानिया म्हणजे हायस्कूल. खालच्या वर्गांत मराठीला थोडीफार जागा असे, पण वर चढावं तशी उर्दू आडवी येई. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. इंग्रजी बाजूला सारून विज्ञान, कायदा, वैद्यक देशी भाषेत शिकवायचं, त्यासाठी भाषांतराचं स्वतंत्र खातं उघडायचं, ही कामगिरी मोठीच होती. तिचं श्रेय नाकारू नये. पण ती भाषा आमच्या घरातली नव्हती. औरंगाबादेत १९२३ पासून इंटरमिजिएट कॉलेज होतं, पदवीला मात्र हैदराबाद गाठावं लागे. ज्याच्या घरी शेती बेताची, त्याचं शिक्षण कुठं थांबत असेल ते सांगायला नको.

मधल्या पायऱ्या लोकांनी स्वतः बसवल्या. औरंगाबादला सरस्वती भुवन १९१५ साली सुरू झालं. अंबाजोगाईला योगेश्वरी आणि हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा उभी राहिली. या दोन्ही ठिकाणी स्वामी रामानंद तीर्थांनी शिकवलं. मराठीतून शिकणं आणि राज्यकर्त्याला प्रश्न विचारणं या शाळांत वेगळं राहिलंच नाही. १९३८ मध्ये औरंगाबाद आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरची बंदी मोडली, तेव्हा त्यांना काढून टाकण्यात आलं. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला, म्हणून त्यांचं शिक्षण तरलं.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं आणि दोनच वर्षांत चित्र पालटायला लागलं. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत कॉलेज सुरू केलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. मिलिंद म्हणजे भिक्खू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारणारा राजा, आणि परिसराचं नाव नागसेनवन. कॉलेजला प्रश्नकर्त्याचं नाव द्यावं, याहून चांगली निवड मला तरी सुचत नाही. गावकुसाबाहेरची मुलं इथल्या वसतिगृहात राहून पदवीधर झाली, आणि दलित साहित्याची पहिली मोठी पिढीही याच आवारात लिहिती झाली.

मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. पदवीचा कागद आता हैदराबादेहून यायचा नव्हता. परभणीला कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये आलं. १९७८ च्या जुलैमध्ये विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. ज्यांनी इथं कॉलेज काढलं त्यांच्याच नावाला हा विरोध व्हावा, याची वेदना आजही ओली आहे. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळं झालं.

कागदावर आजची शिडी राज्यात सगळीकडे एकच आहे. जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक गावांत चौथी किंवा सातवीपर्यंत, मग एखाद्या संस्थेचं हायस्कूल, तालुक्याला अकरावी-बारावी, पुढे पदवी. १९८३ नंतर विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजं आली आणि गुणांच्या जोडीला पैशाची पायरीही आली. लातूरने त्यावर आपला तोडगा काढला : सराव परीक्षा, चुकांची उजळणी, पुन्हा परीक्षा. लोक त्याला लातूर पॅटर्न म्हणतात. आता तिथल्या गल्ल्यांत खोली, मेस आणि नीटचे क्लास यांभोवती पोरांचं सगळं वर्ष फिरतं. वैद्यकीय प्रवेशात विभागनिहाय ७०:३० चं सूत्र होतं, म्हणजे ७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना आणि ३० टक्के बाकीच्या राज्याला, तोवर इथं जागा कमी असल्याचा फटका याच पोरांना बसे. ते २०२० मध्ये रद्द झालं.

पण लातूरच्या खोलीपर्यंत पोचण्याआधी सातवी-आठवीचा उंबरा आहे, आणि माझ्या मते खरी गळती तिथंच होते. बीड जिल्ह्यात दिवाळीच्या आसपास टोळ्या ऊसतोडीला निघतात. मागे राहिलेल्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहं चालतात. पोरगी मात्र पुष्कळदा आईबापांबरोबर फडावर जाते, धाकट्याला सांभाळायला. गावी राहिलीच, तर आठवीला दुसऱ्या गावी जायचं असतं. मुलींना शाळेत नेण्यासाठी सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची निळी बस आहे. सकाळी फाट्यावर दप्तरं पायाशी ठेवून उभ्या असलेल्या मुली कुठल्याही तालुक्यात दिसतील. बस आली तर शाळा, नाही आली तर त्या परत फिरतात आणि थेट रानात जातात.