मतदार नोंदणी आणि निवडणुकीपूर्वी यादीतील नावाची खातरजमा

मतदान करता येते ते चालू मतदार यादीत नाव असल्यामुळे, हातातील मतदार ओळखपत्रामुळे नव्हे. जुने ओळखपत्र जपून ठेवले, पण मधल्या काळात नाव वगळले गेले, तर मतदान केंद्रावर त्या ओळखपत्राचा उपयोग होत नाही. याउलट नाव यादीत असेल आणि ओळखपत्र हरवले असेल, तर आधार, पॅन, पासपोर्ट किंवा वाहन परवाना यांसारख्या भारत निवडणूक आयोगाने मान्य केलेल्या छायाचित्र असलेल्या पुराव्यावर मतदान करता येते.

नोंदणीसाठी अर्जदार भारताचा नागरिक, १८ वर्षे पूर्ण केलेला आणि त्या मतदारसंघाचा सर्वसाधारण रहिवासी असावा लागतो. वय मोजण्यासाठी पूर्वी केवळ १ जानेवारी हा अर्हता दिनांक होता. २०२२ पासून १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर हे दिनांकही धरले जातात आणि १७ वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. वसतिगृहात राहणारा विद्यार्थी मूळ घरच्या किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर, पण दोहोंपैकी एकाच ठिकाणी नाव नोंदवू शकतो.

प्रथमच नोंदणी करणाऱ्याने नमुना ६ हा अर्ज भरावा. त्यासोबत छायाचित्र, वयाचा पुरावा (जन्मदाखला, दहावी-बारावीचे प्रमाणपत्र, पॅन, आधार, पासपोर्ट यांपैकी एक) आणि पत्त्याचा पुरावा (वीज, पाणी किंवा गॅसचे बिल, बँक किंवा टपाल खात्याचे पासबुक, नोंदणीकृत भाडेकरार इत्यादी) जोडावा लागतो. बिल स्वतःच्या नावावर नाही म्हणून अनेक तरुण अर्जच करत नाहीत. वास्तविक आई, वडील किंवा जोडीदार त्याच पत्त्यावर मतदार असतील, तर त्यांच्या नावाचा पुरावाही चालतो.

घर बदललेल्यांची चूक बहुधा येथेच होते. स्थलांतर, नावातील दुरुस्ती किंवा ओळखपत्राची दुसरी प्रत यांसाठी नमुना ८ आहे. नमुना ६ पुन्हा भरल्यास नाव दोन ठिकाणी लागण्याचा संभव असतो आणि कोठेही नाव नसल्याचे खोटे प्रतिज्ञापन केल्यास लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० नुसार एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मृत व्यक्तीचे नाव वगळण्यासाठी नमुना ७ द्यावा.

अर्ज आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर किंवा मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे बीएलओकडे, देता येतो. मिळालेला संदर्भ क्रमांक जपून ठेवावा, कारण अर्ज कोठवर पोहोचला हे त्यावरूनच कळते. बीएलओची पडताळणी आणि हरकतींची सात दिवसांची मुदत यानंतरच मतदार नोंदणी अधिकारी निर्णय देतात; तो निर्णय मान्य नसल्यास १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते. उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिनांक उलटल्यावर निवडणूक पूर्ण होईपर्यंत यादीत एकही नाव घालता वा काढता येत नसल्याने, निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहणे धोक्याचे ठरते.

खातरजमा करताना प्रथम ओळखपत्र क्रमांकाने शोध घ्यावा. तो नसल्यास नाव, संबंधिताचे नाव, वय आणि विधानसभा मतदारसंघ यांवरून शोधता येते. मात्र लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रीची नोंद अनेकदा अजून वडिलांच्याच नावासह असते, म्हणून पतीचे नाव टाकून काही न सापडल्यास वडिलांचे नाव टाकून पाहावे. नोंद सापडल्यावर यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि मतदान केंद्र टिपून ठेवावे, कारण केंद्र मागील वेळचेच असेल असे नाही. पोर्टल वापरणे जमत नसल्यास १९५० या क्रमांकावर विचारणा करावी.

महाराष्ट्रातील महानगरपालिका, जिल्हा परिषद अशा निवडणुकांसाठी वेगळी नोंदणी नसते. राज्य निवडणूक आयोगाने ठरवलेल्या दिनांकाची विधानसभेची यादीच प्रभागनिहाय विभागली जाते आणि त्या टप्प्यावर नवीन नाव घालता येत नाही. विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांची यादी मात्र दर निवडणुकीस नव्याने तयार होते. त्यामुळे मागील वेळी मतदान केलेल्या पदवीधराला नमुना १८ आणि शिक्षकाला नमुना १९ पुन्हा भरावाच लागतो.