चरबी फोडली, पण बाहेर न्यायची कशी? नीमन-पिक सी आजाराची पार्श्वभूमी

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने चार दिवसांच्या अंतराने दोन औषधं मंजूर केली, ॲरिमोक्लोमॉल आणि लेव्हअसिटिलल्युसिन. दोन्ही नीमन-पिक सी या एकाच आजारासाठी. साधारण लाख-सव्वा लाख जन्मांमागे एका बाळाला होणारा हा आनुवंशिक आजार मुलांचं चालणं, बोलणं, गिळणं हळूहळू हिरावून घेतो. तोवर अमेरिकेत यावर एकही मंजूर औषध नव्हतं. इतका उशीर का झाला, हे समजायला लयकारिकेच्या, म्हणजे लायसोसोम या पेशीतल्या पचनाच्या पिशवीच्या, इतिहासात शिरावं लागतं. पेशी मेद फोडते कशी, हे आधी उलगडलं. फोडलेला माल बाहेर जातो कसा, या प्रश्नाकडे लक्ष जायला मात्र बराच काळ गेला.

१९४९ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हाँ विद्यापीठात क्रिस्तियाँ द दूव्ह इन्सुलिनवर काम करत होते. उंदराच्या यकृताच्या लगद्यात त्यांनी एका विकराची, म्हणजे एन्झाइमची, क्रिया मोजली, तर ती अपेक्षेच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढी भरली. तोच लगदा पाच दिवस फ्रिजमध्ये राहिला आणि पुन्हा मोजल्यावर आकडा कितीतरी वाढला. न जुळणारा आकडा त्यांनी फेकून दिला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. विकर एखाद्या पटलाआड, म्हणजे पातळ आवरणाआड, बंद असणार आणि पटल विरल्यावर बाहेर आलं असणार, असं त्यांनी ताडलं. १९५५ मध्ये त्या पिशवीला लायसोसोम हे नाव मिळालं. आतलं वातावरण आम्लधर्मी आणि त्यात पचन करणारी पन्नास-साठ विकरं.

मग आजारांचा अर्थ लागू लागला. १९६३ मध्ये द दूव्ह यांचे सहकारी हेर्स यांनी दाखवलं, की पॉम्पे आजारात लयकारिकेतलं एकच विकर नसतं आणि त्यामुळे ग्लायकोजेन, म्हणजे पेशीतला साखरेचा साठा, साचत जातो. मेदांचीही तीच गोष्ट निघाली. अमेरिकेत रॉस्को ब्रेडी यांनी १९६५ मध्ये गॉशे आजारातलं आणि पुढच्याच वर्षी नीमन-पिकमधलं हरवलेलं विकर शोधलं. १९६९ मध्ये टे-सॅक्स या आजाराचं कोडं सुटलं. एक विकर नाही, म्हणून एक मेद साचतो. या सूत्रावर उपचारही उभा राहिला: मानवी वारेतून काढलेलं विकर १९९१ पासून गॉशेच्या रुग्णांना शिरेतून देता येऊ लागलं.

दरम्यान डॅलसमध्ये मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टाईन यांनी कोलेस्टेरॉलची आवक शोधली होती. रक्तातले कोलेस्टेरॉल वाहणारे एलडीएलचे कण पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला, म्हणजे त्यांना पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटतात, आत ओढले जातात, लयकारिकेत पोचतात. तिथे लायपेज विकर त्यांतलं कोलेस्टेरॉल मोकळं करतं. या कामाला १९८५ चं नोबेल मिळालं. पण या मार्गाच्या आकृतीत लयकारिकेतून बाहेर पडणारा बाण नुसता बाणच होता. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, मग ते पटलापर्यंत पोचतं कसं?

उत्तर नीमन-पिकच्या 'सी' प्रकारात दडलं होतं. १९६१ मध्ये ॲलन क्रॉकर यांनी या आजाराचे प्रकार पाडले तेव्हा तो ए आणि बी यांच्या शेजारी बसवला गेला. पण ए-बीमध्ये हरवलेलं विकर सीमध्ये मुळात शाबूत होतं. १९८० च्या दशकात पीटर पेन्चेव्ह यांना प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या एका वाणात असाच दोष आढळला. त्या पेशी बाहेरून आलेलं कोलेस्टेरॉल वापरूच शकत नव्हत्या. आजारी मुलांच्या पेशी तपासल्या, तर तिथेही तेच. फोडण्यात खोट नव्हती, वाहतूक अडली होती. १९९७ मध्ये एनपीसी-१ हे जनुक सापडलं, २००० मध्ये एनपीसी-२.

या दोन प्रथिनांचं काम मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत देखणा भाग वाटतो. एनपीसी-२ हे छोटं प्रथिन लयकारिकेच्या द्रवात तरंगतं आणि कोलेस्टेरॉलची तेलकट शेपटी स्वतःच्या पोटात धरतं; रेणूचं पाणी सोसणारं टोक बाहेर राहतं. एनपीसी-१ पटलात रुतलेलं असतं आणि त्याचा कप्पा नेमकं तेच टोक आधी आत घेतो. रिले शर्यतीतल्या दांडीसारखा रेणू एका हातातून दुसऱ्या हातात जातो, पाण्याला न लागता. ही देवघेव २००८-०९ मध्ये उलगडली ती ब्राऊन-गोल्डस्टाईन यांच्याच प्रयोगशाळेत.

म्हणूनच गॉशेचा उपाय इथे चालला नाही. एनपीसी-१ पटलात शिवलेलं प्रथिन आहे, सलाईनमधून देऊन ते जागेवर बसत नाही. शिवाय खरी हानी मेंदूत होते आणि शिरेतून दिलेली मोठी प्रथिनं तिथे सहसा पोचत नाहीत. नवी दोन्ही औषधं तोंडाने घ्यायचे छोटे रेणू आहेत. ॲरिमोक्लोमॉल हे मिग्लुस्टॅट या जुन्या औषधाच्या जोडीने द्यायचं आहे. मिग्लुस्टॅट काही मेदांची निर्मितीच कमी करतं आणि युरोपात ते २००९ पासून या आजारासाठी वापरात आहे. सदोष एनपीसी-१ जनुक मात्र यांतलं कुठलंच औषध बदलत नाही.