पार्श्वभूमी : "फक्त भाषा बदलायची ना?"

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात सध्या रुबी ऑन रेल्स (थोडक्यात रेल्स) या रुबी भाषेतल्या फ्रेमवर्कमधलं एक जुनं अ‍ॅप्लिकेशन जावा भाषेत आणायचं काम चालू आहे. पहिल्याच दिवशी टीममधल्या नव्या मुलीनं विचारलं, "दादा, लॉजिक तर तयारच आहे. फक्त भाषा बदलायची ना?" इस्टिमेट देणाऱ्यांनीही तेच धरलं होतं, त्यामुळे तिला हसायची सोय नव्हती. मराठीत भाषांतर वेगळं आणि रूपांतर वेगळं. या वाटेनं आधी खुद्द फ्रेमवर्क्स, म्हणजे प्रोग्राम उभारायचे तयार सांगाडे, गेलीत, आणि त्यातली बहुतेक भाषांतराला निघून रूपांतर होऊन बसलीत.

अस्सल भाषांतराचं जुनं उदाहरण वेबऑब्जेक्ट्स या वेबसाठीच्या फ्रेमवर्कचं. नेक्स्ट कंपनीनं ते १९९६ मध्ये बाजारात आणलं तेव्हा त्याची भाषा ऑब्जेक्टिव्ह-सी होती. पुढे नेक्स्ट अ‍ॅपलनं घेतली आणि २००१ ची पाचवी आवृत्ती संपूर्ण जावात आली. क्लासची, म्हणजे कोडमधल्या साच्यांची, नावंसुद्धा तीच ठेवली, एनएसअ‍ॅरे जावातही एनएसअ‍ॅरेच. अडचण होती ती डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी. ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये 'निल'ला, म्हणजे 'काहीच नाही'ला, मेसेज पाठवला तर काहीच होत नाही, प्रोग्राम मुकाट पुढे जातो. जावात तशाच 'नल'वर मेथड (क्लासला सांगायचं एखादं काम) कॉल केली की नल पॉइंटर एक्सेप्शन ही चूक समोर येते. एका भाषेनं पोटात घातलेलं दुसरी चव्हाट्यावर आणते.

रेल्सची गोष्ट मला जास्त रंगतदार वाटते, कारण तिथे कोड कुणी फारसा नेला नाही, नेली ती लकब. डेव्हिड हाइनमायर हॅन्सननं बेसकॅम्प हे अ‍ॅप्लिकेशन लिहिताना जे घडवलं, ते वेगळं काढून २००४ मध्ये खुलं केलं. त्यात 'फाइंड_बाय_ईमेल' असं लिहिलं की ईमेलवरून युजर मिळायचा, आणि गंमत म्हणजे या नावाची मेथड कुणीच लिहिलेली नसायची. मेथड सापडली नाही की रुबी 'मेथड_मिसिंग'कडे वळते. रेल्स तिथे दबा धरून बसलेलं. ते नावाचे तुकडे पाडतं, डेटाबेसमधला 'ईमेल' कॉलम ओळखतं आणि डेटाबेसला विचारायचा एसक्यूएल प्रश्न तयार करतं.

हे पाहून सगळ्यांच्याच तोंडाला पाणी सुटलं. २००५ मध्ये पीएचपी भाषेतलं केकपीएचपी हे फ्रेमवर्क आलं. पीएचपीत मेथड_मिसिंगसारखंच '__कॉल' होतं, म्हणजे निम्मं काम झालं. पण रेल्ससारखं थेट 'युजर' क्लासवर फाइंड म्हणायची सोय नव्हती, कारण वारशानं आलेल्या स्टॅटिक (थेट क्लासवर चालणाऱ्या) मेथडला आपल्याला नेमक्या कुठल्या क्लासवरून हाक मारली हेच कळत नसे. ती समज पीएचपीला २००९ च्या ५.३ आवृत्तीत आली. तोवर केकनं क्लासपासून बनवलेल्या ऑब्जेक्टवर काम भागवलं. जावावाल्यांनी जावाच्याच यंत्रणेवर चालणाऱ्या ग्रूव्ही भाषेचा आडोसा घेतला. तिच्यात केलेल्या फ्रेमवर्कचं नाव आधी चक्क 'ग्रूव्ही ऑन रेल्स' होतं. हॅन्सनच्या विनंतीवरून ते ग्रेल्स झालं. ग्रूव्हीतही मेथड_मिसिंगची युक्ती असल्यामुळे तिथे हे बिऱ्हाड सुखानं स्थिरावलं.

सिनात्रा या रुबीतल्याच छोट्या फ्रेमवर्कवरून नोडसाठी, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टसाठी, एक्सप्रेस निघालं. सिनात्रात ब्लॉकची (कोडच्या तुकड्याची) शेवटची किंमत हेच ब्राउझरला जाणारं उत्तर. नोडमध्ये डेटाबेसचं उत्तर सावकाश येतं, तोवर फंक्शन संपून गेलेलं असतं, म्हणून उत्तर पाठवायला 'रेस.सेंड' स्वतः म्हणावं लागतं. ते विसरलं की ब्राउझरचं चक्र फिरत राहतं. रुबीतून आलेल्या माणसाचा पहिला आठवडा यातच जातो, माझाही गेला.

शुद्ध जावात मात्र न लिहिलेली मेथड कॉलच करता येत नाही, कोड आधी तपासणारा कंपायलर दारातच अडवतो. जावातल्या स्प्रिंग डेटानं यावर तोड काढली: इंटरफेसमध्ये (मेथडच्या नुसत्या नावांच्या यादीत) 'फाइंडबायईमेल' एवढं नाव जाहीर करा, आतला मजकूर आम्ही पुरवतो. फक्त नावाचे तुकडे अ‍ॅप्लिकेशन सुरू होतानाच पाडले जातात, गरज पडेल तेव्हा नाही. दरम्यान खुद्द रेल्सनं २०१३ च्या चौथ्या आवृत्तीत अशा बहुतेक जादुई फाइंडर्सना निरोपाचा नारळ दिला. 'फाइंड_बाय_ईमेल'सारखं साधं रूप तेवढं राहिलं.

गेल्या मंगळवारी आमचं अ‍ॅप्लिकेशन सुरूच होईना. त्या मुलीनं जुन्या कोडमधले फाइंडर एकेक करून इंटरफेसमध्ये उतरवले होते, आणि त्यातल्या एका नावाची प्रॉपर्टीच (कॉलमसाठीची जागाच) जावाच्या क्लासमध्ये नाही अशी स्प्रिंगची तक्रार होती. तिनं आधी स्वतःचं टायपिंग तपासलं. ते बरोबर होतं. मग रुबीचा कोड उघडला, तर चूक तिथेच, कॉलमच्या नावात एक अक्षर मागेपुढे. कुणीही न उघडलेल्या एका रिपोर्टच्या पानावर ती कैक वर्षं निवांत बसून होती.

"दादा," ती म्हणाली, "ही पण आणायची का जावात?"