ग्रहचक्रे आणि शेअर बाजार

ग्रहांच्या युती (एकत्र येणे) व प्रतियोग (समोरासमोर येणे), त्यांचे वक्री-मार्गी होणे (आकाशात उलट व पुन्हा सरळ चालताना दिसणे), राश्यंतरे, ग्रहणे आणि चंद्रकला यांचा समभागांच्या व वायदा बाजाराच्या तेजी-मंदीशी संबंध असतो, या समजुतीवर आधारलेल्या भाकितपद्धतींना आर्थिक ज्योतिष असे म्हणतात. या पद्धतींना शास्त्रीय पुष्टी मिळालेली नाही. तरीही बाजाराच्या व्यवहारात त्यांचा वावर जुना आहे, आणि अर्थशास्त्राच्या इतिहासातही त्यांच्या जवळपास जाणारे काही गंभीर प्रयत्न नोंदले गेले आहेत.

भारतात या विचाराचे मूळ शेअर बाजाराच्या कितीतरी आधीचे, म्हणजे धान्याच्या भावाशी निगडित आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘अर्घकाण्ड’ नावाचा स्वतंत्र अध्याय असून ‘अर्घ’ म्हणजे वस्तूचा भाव होय. सूर्य अमुक राशीत असताना अमावास्येला किंवा पौर्णिमेला अतिवृष्टी, उल्का, सूर्य-चंद्राभोवतीचे खळे, ग्रहण असे उत्पात दिसल्यास कोणता माल साठवावा आणि कितव्या महिन्यात विकून लाभ घ्यावा, हे त्यात राशीवार सांगितले आहे. महाराष्ट्रात हीच परंपरा पंचांगातून घरोघर पोचली. मकरसंक्रांतीच्या वर्णनात संक्रांतीचे वाहन, वस्त्र, शस्त्र, टिळा, तिने हाती घेतलेले फूल आणि ती भक्षण करीत असलेला पदार्थ यांची यादी असते, आणि संक्रांत ज्या वस्तूंवर येते त्या महाग होतात असा समज आहे. ‘यंदा संक्रांत कशावर आहे?’ हा प्रश्न किराणा दुकानात जितक्या सहजपणे विचारला जातो, तितक्याच सहजपणे तो पुढे दलालाच्या पेढीवर गेला, यात नवल नाही. आजच्या आर्थिक ज्योतिषात गुरूकडे बँका व वित्तसंस्था, शनीकडे लोखंड व कोळसा, शुक्राकडे चैनीच्या वस्तू, बुधाकडे दळणवळण व माहिती तंत्रज्ञान आणि मंगळाकडे जमीनजुमला अशी खातेवाटणी सर्रास केली जाते. ती धान्य, रस व धातू यांच्या जुन्या वाटणीचीच वाढवलेली आवृत्ती आहे.

पाश्चात्त्य देशांत या विषयाला प्रतिष्ठेच्या जवळ नेले ते विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने, आणि त्याच्या युक्तिवादात हिंदुस्थान मध्यवर्ती होता. सूर्यावरील डागांची संख्या ठरावीक वर्षांनी वाढते व घटते हे जर्मन निरीक्षक श्वाबे याने १८४३ मध्ये दाखवून दिले होते. १८२५, १८३६–३९, १८४७, १८५७ व १८६६ ही इंग्लंडमधील व्यापारी अरिष्टांची वर्षे साधारण दहा-साडेदहा वर्षांच्या अंतराने येतात असे जेव्हन्सच्या ध्यानात आले. डागांमुळे सूर्याची उष्णता बदलते, त्यामुळे हिंदुस्थानातील पाऊस बिघडतो, दुष्काळ पडतो, रयतेला विलायती कापड घेणे परवडत नाही आणि मँचेस्टरचा व्यापार बसतो, अशी साखळी त्याने मांडली. त्याने हे लिहिले तेव्हा दख्खनमध्ये १८७६–७८ चा भीषण दुष्काळ चालू होता वा नुकताच सरला होता, त्यामुळे साखळीतील मधला दुवा वाचकांना काल्पनिक वाटण्यासारखा नव्हता. अडचण आकड्यांची होती. त्याने सुरुवातीला डागांचे आवर्तन सुमारे ११.१ वर्षांचे मानले होते, पुढे ते १०.४५ वर्षांचे असल्याचे एक अनुमान प्रसिद्ध झाले आणि ते अरिष्टांच्या अंतराशी जुळल्याने त्याचा विश्वास दृढ झाला. प्रत्यक्षात सरासरी आवर्तन अकरा वर्षांच्या आसपासच आहे. १८८२ मध्ये जेव्हन्स बुडून मरण पावला आणि सिद्धान्त मागे पडला. कोलंबिया विद्यापीठातील हेन्री लडवेल मूर याने १९२३ मध्ये आठ वर्षांच्या आर्थिक चक्राचे कारण शुक्राच्या आठ वर्षांच्या आवर्तनात शोधले. त्यालाही समव्यावसायिकांचा पाठिंबा मिळाला नाही. या दोघांनी निदान पाऊस व पीक हा तपासता येण्याजोगा दुवा मधे ठेवला होता.

अमेरिकेतील व्यावसायिक बाजार-ज्योतिषात तो दुवाही उरला नाही. डब्ल्यू. डी. गॅन (१८७८–१९५५) याच्या भावांच्या आलेखावरील कोनरेषा आणि ‘नऊचा चौरस’ ही अंकांची मांडणी आजही भारतीय सटोडियांच्या संगणकावर दिसतात. लुईस मॅकव्हर्टर या नावाने लिहिणाऱ्या व्यक्तीने १९३८ मध्ये राहूच्या सुमारे १८.६ वर्षांच्या भ्रमणाशी आणि डोनाल्ड ब्रॅडली याने १९४८ मध्ये ग्रहयोगांच्या गुणांकनाशी बाजाराची सांगड घातली.

सर्वाधिक उल्लेख होणारे चक्र गुरू-शनीचे आहे. गुरूची प्रदक्षिणा ११.८६ वर्षांची व शनीची २९.४६ वर्षांची असल्याने त्यांची युती सरासरी १९.८६ वर्षांनी होते. मे २००० मधील युती संगणक-समभागांचा फुगा फुटण्याच्या काळात आणि डिसेंबर २०२० मधील युती महासाथीच्या वर्षात आली, हे खरे आहे. मात्र १९२९, १९८७ व २००८ या तिन्ही मोठ्या घसरणींच्या वेळी अशी युती नव्हती, आणि शंभर वर्षांत जेमतेम पाच-सहा युती होत असतील तर त्यांवरून नियम बसवणे संख्याशास्त्राला मानवणारे नाही. बुधाच्या बाबतीत अडचण उलटी आहे. तो वर्षातून तीन-चार वेळा, दर वेळी सुमारे तीन आठवडे वक्री असतो. म्हणजे कोणत्याही घसरणीच्या दिवशी बुध वक्री असण्याची शक्यता मुळातच पाचात एक असते. शिवाय राशी कोणत्या धरायच्या यावरही एकमत नाही. शनीने मीन राशीत प्रवेश केला तो सायन (वसंतसंपातापासून राशी मोजणाऱ्या) पद्धतीने मार्च २०२३ मध्ये आणि निरयन (स्थिर ताऱ्यांच्या आधारे मोजणाऱ्या) पद्धतीने २९ मार्च २०२५ रोजी. एकाच घटनेच्या दोन तारखांत दोन वर्षांचे अंतर असेल तर एखादी तरी तारीख बाजाराला जुळणारच.

२३ मार्च २०२० चा दिवस या संदर्भात पाहण्यासारखा आहे. त्या दिवशी सेन्सेक्स ३,९३४ अंशांनी, म्हणजे १३ टक्क्यांहून अधिक, कोसळला आणि फाल्गुन अमावास्येचा दाखला लगेच दिला गेला. परंतु दहा टक्के घसरणीमुळे व्यवहार थांबवावे लागले ते सकाळी दहाच्या सुमारास, आणि अमावास्या लागली दुपारी. पडझडीला सुरुवात झाली तेव्हा चतुर्दशीच होती. दुसऱ्या दिवशी बाजाराच्या बहुतेक वेळात अमावास्या असतानाही सेन्सेक्स ६९२ अंशांनी वर बंद झाला.

चंद्रकलांचा अभ्यास मात्र संशोधकांनीही केला आहे. युआन, झेंग व झू यांनी २००६ मध्ये ४८ देशांच्या बाजारांची आकडेवारी तपासली, तेव्हा पौर्णिमेच्या आसपासचा परतावा अमावास्येच्या आसपासच्या परताव्यापेक्षा वार्षिक हिशेबाने ३ ते ५ टक्क्यांनी कमी आढळला. अमावास्येला अशुभ मानणाऱ्या आपल्याकडील समजुतीच्या हे नेमके उलट आहे. अशा निष्कर्षांकडे किती गांभीर्याने पाहावे, याचे मार्मिक उत्तर रॉबर्ट नोव्ही-मार्क्स याने २०१४ मध्ये दिले. रूढ संख्याशास्त्रीय कसोट्या लावल्या तर हवामान, सूर्यावरील डाग आणि ग्रहांचे योगसुद्धा गुंतवणूक-धोरणांच्या परताव्याचे ‘भाकीत’ करताना दिसतात, हे त्याने दाखवले. त्याचा रोख ग्रहांपेक्षा त्या कसोट्यांच्या ढिलेपणावर होता.

ग्रहांचा परिणाम सिद्ध नसला तरी ग्रहांवरील श्रद्धेचा परिणाम संभवतो. कॅस व शेल या अर्थशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार, अर्थव्यवस्थेशी काडीचाही संबंध नसलेल्या खुणेवर पुरेशा लोकांनी विश्वास ठेवला, तर भाव त्या खुणेप्रमाणे हलू शकतात. अशा खुणेला त्यांनी जेव्हन्सच्या आठवणीने ‘सूर्यडाग’ असेच नाव दिले. मुंबईतील मुहूर्ताचे सौदे हा श्रद्धेने ठरणाऱ्या व्यवहाराचा सर्वांत परिचित प्रकार आहे. लक्ष्मीपूजनाच्या सुमारास तासाभरासाठी बाजार उघडतो, व्यापारी विक्रम संवताच्या नव्या वर्षाची सुरुवात म्हणून शकुनापुरती खरेदी करतात, आणि लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येचे असल्याने एरवी टाळली जाणारी तिथी इथे शुभ ठरते. हे सौदे बहुधा संध्याकाळी होतात. २०२५ मध्ये मात्र ते २१ ऑक्टोबरला दुपारी पावणेदोन ते पावणेतीन या वेळेत झाले.