छातीत साचलेलं रक्त: उपचार इथवर कसे आले

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात कुणी दुचाकीवरून आपटलं, पेडण्यात माडावरून पाडेली (नारळ पाडणारा) पडला आणि एक्स-रेत छातीत हवा नि रक्त दिसलं, की घरच्यांना ‘बांबोळीला न्या’, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात न्या, असं सांगतात. तिथे बहुतेकांची छाती उघडत नाहीत. बरगड्यांमधून नळी घालतात आणि तिचं दुसरं टोक खाटेखालच्या बाटलीत पाण्यात बुडवून ठेवतात. नातेवाइकांना ही तात्पुरती सोय वाटते, पण बहुसंख्य रुग्णांचा खरा उपचार हाच असतो.

फुप्फुसाभोवतीच्या पोकळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. बाहेरची हवा आत शिरली की फुप्फुस आक्रसतं. त्यामुळे छातीला भोक पाडणं हीच पूर्वी मोठी जोखीम होती. पणजीत १८४२ साली वैद्यकशाळा सुरू झाली (आजचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय तिचंच पुढचं रूप), तेव्हा पाण्याखालची नळी युरोपातही रूढ नव्हती. ती आणली १८७० च्या दशकात, हॅम्बुर्गच्या गोटहार्ड ब्यूलाऊ यांच्यासारख्या डॉक्टरांनी. श्वास सोडताना हवा बाहेर पडते, पाण्यामुळे परत आत येत नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत अमेरिकी लष्करी छावण्यांत छातीत पू झालेल्या सैनिकांची छाती घाईने उघडली जाई आणि बरेचजण दगावत. बाहेरची हवा आत येऊ न देणाऱ्या नळीचा आग्रह धरल्यावर ते मृत्यू झपाट्याने घटले.

दुर्बिणीची कथा मला जास्त विलक्षण वाटते. स्टॉकहोमच्या हान्स याकोबेयस यांनी १९१० मध्ये छातीत दुर्बीण घातली. पुढे ती क्षयरोग्यांसाठी वापरली गेली. क्षयात तेव्हा फुप्फुसाला विश्रांती म्हणून त्याच्याभोवतीच्या पोकळीत मुद्दाम हवा भरून ते मिटवत. छातीच्या भिंतीला चिकटलेले पट्टे त्याच्या आड आले की ते या दुर्बिणीतून जाळत. क्षयावर औषधं आली आणि दुर्बीण मागे पडली. १९९० नंतर ती व्हिडिओ कॅमेऱ्यासह परतली, ती उलट कामाला. अपघाताशिवाय, विशेषतः सडपातळ तरुणांत, फुप्फुस अचानक मिटतं तेव्हा कधी असाच पट्टा तुटून त्यातली रक्तवाहिनी वाहू लागते. ती आता याच दुर्बिणीतून बंद करतात.

शस्त्रक्रिया कधी करायची याचा ढोबळ दंडक असा: नळी घालताच दीड लिटर रक्त आलं, किंवा नंतर काही तास सतत ताशी २०० मिलिलिटर येत राहिलं, तर थांबायचं नाही. नळीतून न निघालेल्या गुठळ्याही पहिल्या काही दिवसांतच दुर्बिणीने काढाव्या लागतात. उशीर झाला की त्यांचं जाड कवच बनतं आणि फुप्फुस फुलत नाही.